बाल्डर मरेना

शनिवारी दुपारी चहा गाळत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली, "मामा, तुझा बाल्डर मरत नाहीये."

"मरेल," मी म्हटलं. "होड येईल, फेकेल, मग मरेल."

"आला. फेकलं. शून्य आलं."

सॉफ्टवेअर टेस्टिंग हा माझा पोटाचा धंदा. दिवसभर पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि रात्री घरी बसून स्वतःच्या तयार करतो. चार वर्षं असंच चाललंय. आरपीजी मेकर एमव्ही ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर एकट्यानं बनवलेला, नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणांवरचा एक गेम. फुकट वाटतो, कारण पैसे घेतले की लोक हक्कानं भांडायला येतात. शनिवारी रात्री नवी आवृत्ती चढवायची होती आणि मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरीहून आलेली आठवीतली भाची ती शेवटचं खेळून बघत होती. ऑफिसातल्या कुठल्याही टेस्टरपेक्षा ही पोरगी खडूस आहे, हे मी तिच्या आईसमोर कबूल करणार नाही.

गेममध्ये आपण देव नसतो. आपण थ्याल्फी असतो, शेतकऱ्याचा मुलगा. गडगडाटाचा देव थॉर, त्यानं स्वतःचे बोकड कापून त्याच्या घरी पंगत घातली आणि हाडं मोडू नका म्हणून बजावलं. ह्यानं मगजासाठी एक हाड फोडलं, सकाळी जिवंत झालेला बोकड लंगडत उठला आणि भरपाई म्हणून ह्याला आयुष्यभराची चाकरी लागली. देवांच्या भानगडी बघायला नोकराइतकी चांगली जागा नाही.

मला ह्या कथांची ओढ लागली ती त्यातल्या वस्तूंमुळे. फेनरिर लांडग्याला बांधायची दोरी सहा गोष्टींपासून वळलेली: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास, पक्ष्याची थुंकी. स्नोरी स्टर्लुसन ह्या आइसलंडच्या सरदारानं १२२०च्या सुमारास हे लिहिलं, आणि मिस्कीलपणे वर सुचवलं की ह्या गोष्टी जगात आढळत नाहीत त्या म्हणूनच. गेम बनवणाऱ्याला असं आयतं ताट कोण वाढून देतं? सहा वस्तू गोळा करायच्या ह्या कामगिरीवर मी पाच महिने घालवले. मांजराच्या पावलांचा आवाज घ्यायला स्पीकर बंद करूनच जावं लागतं.

सगळंच काही साधलं नाही. वल्हाल्ला हा लढाईत मेलेल्या योद्ध्यांचा महाल. त्याला ५४० दारं आणि शेवटच्या लढाईला एकेका दारातून ८०० योद्धे बाहेर पडणार, असं 'ग्रिम्निस्माल' ह्या काव्यात आहे. गुणाकार ४,३२,०००. आपल्या कलियुगाची वर्षंही तेवढीच! हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढं वाचनात आलं की जुन्या नॉर्स मोजणीत शेकडा पुष्कळदा १२०चा असायचा. तसा हिशेब धरला तर आकडा सहा लाखांपलीकडे जातो आणि योगायोग उडून जातो. माझ्या नकाशात शेवटी दारं सात आणि योद्धे तीस. त्याहून जास्त झाले की माझा जुना लॅपटॉप धापा टाकतो.

तर बाल्डर. देवांचा राजा ओडिन आणि त्याची बायको फ्रिग ह्यांचा मुलगा, सगळ्यांचा लाडका. त्याला वाईट स्वप्नं पडू लागली, तेव्हा आईनं जगातल्या प्रत्येक वस्तूकडून शपथ घेतली की तू माझ्या मुलाला इजा करणार नाहीस. आग, पाणी, लोखंड, दगड, झाडं, आजार, साप, सगळ्यांकडून. मग देवांना खेळच सापडला. बाल्डरला मधे उभं करायचं आणि हाताला लागेल ते फेकून मारायचं. हिरण्यकश्यपूच्या वरापासून आपल्याला ठाऊकच आहे की इथं कुठंतरी फट राहणार. वल्हाल्लाच्या पश्चिमेला मिसलटोचं एक रोप होतं. शपथ घ्यायला फारच कोवळं वाटलं म्हणून फ्रिगनं ते सोडलं. देवांमधला कपटी लोकी, त्यानं नेमकं तेच आणून आंधळ्या होडच्या हातात दिलं आणि नेम धरून दिला.

भाचीशी ह्याच रोपावरून गुरुवारी वाद झाला होता.

"मिसलटो म्हणजे काय?" तिनं विचारलं. मी फोटो दाखवला.

"ई, हे बांडगूळ आहे!"

तिच्या आजोबांच्या कलमांवर असतंच ते. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी चिकट बिया फांदीला पुसतो, बी तिथंच रुजते, झाडाचा रस पिऊन वाढते आणि आजोबा कोयता घेऊन अख्खी फांदी उतरवतात. युरोपातली जात वेगळी, पण वृत्ती तीच. "आणि बांडगुळाचा भाला कसा होईल? कडाकड मोडतं ते," हा तिचा पुढचा आक्षेप. त्यावर माझ्याकडं बरं उत्तर होतं. आइसलंडमध्ये ते उगवतच नाही, त्यामुळं तिथं बसून कथा सांगणाऱ्यांना ते एखादं सडसडीत झाड वाटलं असेल, असं काही अभ्यासक म्हणतात. ती म्हणाली, "म्हणजे न बघता लिहिलं." शब्द मात्र मला फार आवडला. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण बांडगूळ म्हणतो, आणि लोकीच्या हातात शोभणारी वस्तू तीच. मराठी आवृत्तीत मी लगेच नाव बदललं. मिसलटो गेलं, बांडगूळ आलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

आणि आता बाल्डर मरेना.

आधी होडच्या प्रसंगाच्या अटी तपासल्या. ठीक होत्या. मग इजा मोजायचं सूत्र पाहिलं, तेही ठीक. लोकीचा स्विच चालू होतोय का, तर होतोय. दीड तास गेला, चहा कपातच राहिला. मागं भाची खुर्चीवर मांडी घालून बसलेली, अधूनमधून "सापडलं?" एवढंच. ऑफिसात मी डेव्हलपरच्या मागं असाच उभा राहतो. यापुढं राहणार नाही.

शेवटी शपथेची यादीच पडद्यावर छापून बघितली. फ्रिगच्या प्रसंगात मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ती गेममधल्या २१४ वस्तू एकेक करून घेते आणि शपथेच्या यादीत टाकते, फक्त एक सोडून. नंतर बाल्डरवर काही फेकलं की नियम सरळ: वस्तू यादीत असेल तर शून्य, नसेल तर मृत्यू. १४७व्या ओळीवर छान टपोऱ्या देवनागरीत लिहिलं होतं, बांडगूळ.

फ्रिगनं ह्या वेळी त्यालाही सोडलं नव्हतं. 'एक सोडून' ठरवताना मी वस्तूचा क्रमांक नव्हे, नाव तपासत होतो. नाव 'मिसलटो' असेल तर सोड. गुरुवारी नाव बदललं, मिसलटो नावाची वस्तूच जगात उरली नाही, आणि आईची शपथ निर्दोष झाली. नावावरून तुलना करू नका, नावं बदलतात, हे मी ज्युनिअर पोरांना किती वेळा ऐकवलंय! हा बग दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला सोमवारी उभा-आडवा घेतला असता.

ओळ दुरुस्त केली, गेम पुन्हा चालू केला, भाचीचा सेव्ह उघडला. होड आला. फेकलं. शून्य.

"शपथ झालीये ना," ती मागून म्हणाली.

बरोबर होतं तिचं. यादी फ्रिगच्या प्रसंगात एकदाच तयार होते आणि सेव्हमध्ये साठवली जाते. तिनं तो प्रसंग सकाळीच खेळून टाकला होता. नव्यानं सुरू करणाऱ्याचा बाल्डर आता मरणार होता, तिचा नाही. तिच्या यादीतून ते नाव खोडणं दोन मिनिटांचं काम होतं. मी हात पुढं केला तर तिनं लॅपटॉपच ओढून घेतला.

"का मारायचाय त्याला?"

"त्याशिवाय कथा पुढं जात नाही. लोकीला शिक्षा नाही, रॅग्नारोक नाही, म्हणजे देवांची शेवटची लढाईच नाही."

"नको होऊ दे की. कुणाला घाई आहे?"

पडद्यावर अॅसगार्डमध्ये, देवांच्या नगरीत, दुपार थांबलेली. देव फेकताहेत, शून्य, शून्य, सगळे हसताहेत. मी सांगितलं की 'व्होलुस्पा' ह्या काव्यामध्ये जग जळून बुडाल्यावर पुन्हा हिरवी जमीन वर येते, गवतात देवांच्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात आणि बाल्डर आणि होड दोघंही परत येतात, मारलेला आणि मारणारा, एकाच घरात राहायला.

"तुझ्या गेममध्ये कुठंय हे?"

नव्हतं. माझा गेम सुर्ट ह्या अग्निराक्षसाच्या आगीत पडदा काळा होऊन संपत होता. खरं कारण असं की तिथवर येता येता मी कंटाळलो होतो. तसं तिला सांगितलं. तिनं नुसतं बघितलं.

आवृत्ती त्या रात्री चढली नाही. दुसऱ्या रात्री, हिरवळीचा नकाशा आणि सोन्याच्या आठ सोंगट्या टाकून चढली. भाची रविवारी संध्याकाळच्या गाडीनं गेली, जाताना पेन ड्राइव्हवर जुनी आवृत्ती आणि तिचा सेव्ह घेऊन.

बुधवारी फोन आला. "मामा, बाण संपले, कुऱ्हाडी संपल्या, आता दगड फेकतेय. वस्तूंमध्ये फणस टाकून फाइल पाठवशील? नुसता फेकायला."

टाकतो म्हणालो. डेटाबेस उघडला, २१५ क्रमांकाच्या रकान्यात 'फणस' लिहिलं, चित्रासाठी हिरवा गोळा निवडला. सेव्ह करणार तेवढ्यात हात थांबला. तिच्याकडची शपथ मागच्या शनिवारीच होऊन गेली होती, आणि त्या यादीत फणस नव्हता.