बेरिल बर्टन : घड्याळाशी पंचवीस वर्षे

१९६७ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात बारा तासांची टाइम ट्रायल, म्हणजे ठरलेल्या वेळात सायकलवरून जास्तीत जास्त अंतर कापण्याची शर्यत झाली. पुरुष स्पर्धक आधी सुटले आणि ब्रिटिश सायकलपटू बेरिल बर्टन त्यांच्या मागून निघाल्या. एकेकाला मागे टाकत त्या अखेर पुरुषांत आघाडीवर असलेल्या माइक मॅकनमारा यांच्याजवळ पोहोचल्या, जाता जाता ज्येष्ठमधाची एक गोळी त्यांच्यापुढे धरली आणि पुढे निघून गेल्या. मॅकनमारा यांनी त्या दिवशी २७६.५२ मैल कापून पुरुषांचा विक्रम मोडला. बर्टन यांचे अंतर मात्र २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर भरले. आपल्या हिशेबाने सांगायचे, तर सांगलीहून पुण्याला जाऊन जवळजवळ परत घरी येण्याइतका हा पल्ला, तोही ताशी ३७ किलोमीटरच्या सरासरीने. पुरुषांना हा आकडा ओलांडायला १९६९ उजाडले, आणि स्त्रियांचा विक्रम म्हणून तो २०१७ पर्यंत अबाधित राहिला.

टाइम ट्रायलमध्ये स्पर्धक एकेक करून ठरावीक अंतराने सुटतो. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्याची मुभा त्यात नसते. सांगलीहून तासगावकडे समोरच्या वाऱ्यात एकट्याने सायकल मारलेल्या कोणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. घोळक्यात सहज जमणारा वेग एकट्याने टिकवायचा, तोही बारा तास, ही निव्वळ पायांतल्या ताकदीची गोष्ट नव्हे. सुरुवातीच्या उत्साहाला आवर घालून शेवटच्या तासासाठी शिल्लक ठेवण्याचे शहाणपण त्यात लागते, आणि माझ्या मते बर्टन यांचे खरे असामान्यत्व तिथेच होते.

१९३७ साली लीड्स शहरात जन्मलेल्या या मुलीला बालपणी गंभीर आजाराने गाठले, अनेक महिने रुग्णालयात ठेवले आणि पुढे जास्त श्रमाचा व्यायाम करू नये, असा डॉक्टरांचा सल्ला तिच्या वाट्याला आला. सायकलची गोडी पती चार्ली यांच्यामुळे लागली. उपजीविकेसाठी त्या मॉर्ले गावाजवळच्या शेतात मजुरी करीत. रुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या पिकाचे जड गड्डे खणून उचलायचे, दिवसभर वाकून राबायचे आणि त्यातूनच सरावाला वेळ काढायचा. तासगावच्या द्राक्षबागांत विरळणीच्या दिवसांत तासन्‌तास हात वर धरून, मान उंचावून घड हाताळणाऱ्या बायका मी पाहतो, तेव्हा अशा कामातून अंगात मुरणारी चिवटता काय असते, हे थोडेफार कळते. व्यावसायिक खेळाडू त्या कधीच झाल्या नाहीत.

लाकडी ट्रॅकवर असो वा डांबरी रस्त्यावर, त्यांचा दबदबा सारखाच होता. वैयक्तिक पर्स्यूटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकींचा पाठलाग करण्याच्या शर्यतीत, १९५९, १९६०, १९६२, १९६३ आणि १९६६ अशी पाच जागतिक अजिंक्यपदे त्यांनी मिळवली. रस्त्यावरील जागतिक शर्यत त्यांनी १९६० आणि १९६७ मध्ये जिंकली. वर्षभराच्या टाइम ट्रायलमधील सरासरी वेगावरून ठरणारा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश सायकलपटूचा महिलांचा किताब तर १९५९ पासून १९८३ पर्यंत, सलग २५ वर्षे, त्यांच्याकडेच होता.

एवढी जिद्द घरात शिरली की काय होते, हे १९७६ च्या राष्ट्रीय शर्यतीत दिसले. त्यांची मुलगी डेनिस हिने अंतिम रेषेवर आईला हरवले, आणि बर्टन यांनी तिच्याशी हात मिळवायला नकार दिला. घोळक्यातून सुटून पुढे गेलेल्या गटात सर्वांत पुढे राहून वारा झेलण्याचा आपला वाटा मुलीने उचलला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या वागण्याचे समर्थन मी करणार नाही; पण आईपणाच्या नावाखाली तो प्रसंग झाकून टाकणेही मला योग्य वाटत नाही.

विश्रामबागेतून पहाटे निघणाऱ्या आमच्या गटात त्यांचा विषय काढला, की पहिला प्रश्न येतो तो ऑलिंपिक पदकांचा. त्यांच्याकडे एकही पदक नाही, कारण त्यांच्या उमेदीच्या काळात ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सायकलिंगच नव्हते. स्त्रियांची रस्त्यावरील शर्यत प्रथम १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला झाली, तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या. आणि ज्या पर्स्यूटमध्ये त्यांनी पाच वेळा जग जिंकले, ती स्त्रियांसाठी १९९२ मध्ये बार्सिलोनाला सुरू झाली.