सखारामची बायको

दोन वर्षांपूर्वी महालयाला गुरुजींनी आण्णांना विचारलं, "आईचं नाव?" आण्णांनी सांगितलं. "आजीचं?" आण्णा गप्प. गुरुजींनी काहीतरी पर्यायी नाव घेऊन काम निभावलं, पण आण्णांना दिवसभर जेवण गेलं नाही. त्यांची आजी म्हणजे माझी पणजी. आजोबा तान्हे असताना गेली, एवढंच घरात माहीत. आजोबांना आत्यानं वाढवलं. पणजोबांनी पुढं पाट लावला, आणि पहिलीचं नाव घ्यायचं नाही असंच बहुतेक ठरून गेलं.

मी म्हटलं, सरकारदरबारी असेलच की.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आमच्या गावी ग्रामपंचायतीत पहिल्यांदा गेलो. तिथं 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरची रजिस्टरं. ग्रामसेवक म्हणाले, "त्याआधीचं तहसीलला. पण नमुना 14 म्हणून मागू नका, पाणीपुरवठ्याची वही काढून देतील. कोतवाल बुक म्हणा." या एका वाक्यानं माझे किमान दोन हेलपाटे वाचले. जुन्या काळी गावातलं जन्म-मरण ज्या वहीत चढायचं, तोच नंबर आज पाण्याच्या साधनांच्या नोंदवहीला आहे.

तहसीलच्या रेकॉर्ड रूमचा अर्ज, दहाचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मग "सोमवारी या". तीन सोमवार गेले. एकदा साहेब रजेवर, एकदा किल्ली दुसऱ्याकडे, एकदा लाईट नाही. 2023मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदींसाठी हेच गठ्ठे उपसले गेले होते, त्यामुळे गावाचा गठ्ठा कुठं आहे ते निदान माहीत होतं. मधली काही वर्षं कसरीनं खाल्लेली. बाकी शाबूत, पण मोडीत.

मोडीत अक्षरं आधी ओढलेल्या रेघेला लोंबतात, शब्द कुठं तुटतो ते कळत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ एकच. मी यूट्यूबवर महिनाभर गिरवलं आणि उगाच हुशारी केली. शेवटी मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना सोबत नेलं. त्यांनी आधी माझ्या आजोबांचा जन्म काढून दिला. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांची तारीख 1 जून 1920 आहे (गावाकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जूनला असतो, मास्तरांची कृपा). कोतवाल बुकात मात्र नोव्हेंबर 1917. बापाचं नाव सखाराम बिन महादू (बिन म्हणजे अमक्याचा मुलगा), अपत्य मुलगा, नावाचा रकाना कोरा. बरोबरच आहे, बारसं व्हायच्या आधी कोतवालाला कोण नाव सांगणार?

मग 1918चा ऑक्टोबर. एरवी महिन्याला तीन-चार मयती असायच्या, इथं पान उलटलं तरी तोच महिना चालू. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, ताप. इन्फ्लुएंझाची ती साथ, पण कोतवालाकडं त्यासाठी वेगळा शब्द नव्हता. गुरुजी वाचत गेले आणि एका ओळीवर बोट थांबलं. "सखाराम बिन महादू याची बायको. वय 25. ताप."

नाव नाही. एवढे हेलपाटे घालून बायकोची फक्त बायकोच राहिली.

लग्नाची नोंद शोधायचा विचार केला, पण त्या काळच्या हिंदू लग्नाची सरकारी नोंद कुठून असणार? काडीमोडीचंही तसंच, ती पंचांसमोर व्हायची. आमच्या घराण्यात त्या बाबतीतला कागद एकच, आजोबांच्या चुलत बहिणीची सोडचिठ्ठी. स्टॅम्पपेपरवरची, खाली सहीऐवजी तिची निशाणी बांगडीची. तीही कोण्या कचेरीत नव्हे, पत्र्याच्या ट्रंकेत होती.

पणजोबा गेल्यावरचा वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवल्याची नोंद, काढला. सखाराम कधी मयत, वारस कोण, सगळं होतं. त्यात मुलगा आला आणि पाटाची बायको आली, "भ्रतार सखाराम" म्हणून, म्हणजे नवरा सखाराम. आधी मेलेलीचा तिथं संबंधच नाही. तरी ज्यांना माणसाचा मृत्यू जन्म-मृत्यू रजिस्टरात सापडत नसेल, त्यांनी फेरफार आधी बघावा. जमीन असलेला माणूस त्यात कधी ना कधी मरतोच.

वाट दाखवली ती आमच्या चुलतीनं. "नाशकाला अस्थी नेल्या असतील तर वहीत असंल की." नाशिकला तीर्थोपाध्याय गावावरून आणि आडनावावरून वाटलेले असतात. रामकुंडावर पहिल्यानं सांगितलं, तुमचं गाव आमच्याकडे नाही. तिसऱ्या घरी लांबलचक वही निघाली. अर्धा तास पानं उलटली. शके 1840, कार्तिक. म्हणजे साथीनंतर महिन्याभरातच पणजोबा तिथं पोचले होते. त्यांचं नाव, बापाचं, आज्याचं, आणि मग "बायको यमुना मयत". खाली नांगराची निशाणी काढलेली, फाळ थोडा वाकडा. उपाध्यायांनी विचारलं, तुमची आजची नावं लिहू का? मी आण्णांपासून माझ्या मुलीपर्यंत सगळी सांगितली. माझ्या बायकोचं नाव दोनदा वाचून घेतलं.

आण्णांना तिथूनच फोन केला. "यमुना," ते म्हणाले, आणि मग फोनवर काहीच नाही.

मी वही बंद करायला सांगणार एवढ्यात उपाध्याय म्हणाले, "अजून एक ओळ आहे." यमुनेच्या खाली, निशाणीच्या कडेला, "मुलगी सोनी मयत." आजोबांना बहीण होती हे घरात कुणी कधी बोललेलं नाही. कोतवाल बुकाच्या त्या पानाची मी नक्कल घेतली होती, पण नकलेत फक्त माझी ओळ उतरवलेली. फोटो काढू दिला नव्हता. त्या ओळीच्या वर-खाली कोण आहे ते तेव्हा बघितलंच नाही. पूर्ण पानासाठी परवा पुन्हा अर्ज दिलाय. सोमवारी या म्हणालेत.