मक्याच्या रानातलं इस्पितळ

"अहो, या आडगावात मेयो क्लिनिकएवढं मोठं इस्पितळ आलं कुठून?" अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरला आमच्याकडे उतरलेला पाहुणा हे विचारतोच. कुणी आईच्या ऑपरेशनसाठी आलेला असतो, कुणी स्वतःचे रिपोर्ट घेऊन. वाटेत दोन्ही बाजूंना नुसता मका बघून येतात बिचारे. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

विल्यम वॉरल मेयो, जन्म १८१९, इंग्लंडात मँचेस्टरजवळचा. अंगानं ठेंगणे, म्हणून लोक त्यांना 'छोटे डॉक्टर' म्हणत. इंडियानातल्या हिवतापाला कंटाळून ते मिनेसोटाच्या थंडीत आले. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्यभरतीच्या तपासणीचं काम मिळालं, १८६३ साली रॉचेस्टर गाठलं आणि इथलेच झाले. १८८२ मध्ये गावानं त्यांना नगराध्यक्षही केलं. पण मला मोठी वाटते ती सूक्ष्मदर्शकाची गोष्ट. नवा, चांगला सूक्ष्मदर्शक हवा, हातात पैसा नाही. बायको लुईझनं होकार दिला आणि दोघांनी राहतं घर गहाण टाकलं! शेतकऱ्यांची नाडी बघणाऱ्या डॉक्टरानं एवढा हट्ट धरायचं कुणी सांगितलं नव्हतं. तो त्यांचा स्वभावच होता.

आणि तरीही, इस्पितळ ही त्यांची कल्पना नव्हे. २१ ऑगस्ट १८८३ ला टॉर्नेडोनं गावाचा मोठा भाग उडवला, तीसहून अधिक माणसं गेली. जखमींना ठेवायला जागा नाही, म्हणून नाचाच्या हॉलमध्ये खाटा टाकल्या. शुश्रूषेला फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या जोगिणी धावल्या, एरवी शाळेत शिकवणाऱ्या. वादळ शमल्यावर त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड यांनीच डॉक्टरांना म्हटलं, इस्पितळ बांधू या. डॉक्टर नको म्हणाले. एवढ्याशा गावाला ते पेलणार नाही, असा त्यांचा हिशेब. बाई ऐकेनात. बांधायचा पैसा आम्ही उभा करतो, चालवायचं तुम्ही बघा. जोगिणींनी काटकसर करून तो उभा केला आणि १८८९ च्या शरदात सेंट मेरीज सुरू झालं, २७ खाटांचं. डॉक्टर तेव्हा सत्तरीचे. शस्त्रक्रियेची धुरा विल आणि चार्ली या मुलांनी उचलली, आणि त्यातूनच पुढे मेयो क्लिनिक उभं राहिलं.

इथवर ऐकून पाहुणे खूश होतात. मी मात्र थांबत नाही. १८६२ मध्ये डकोटा या इथल्या मूळ रहिवाशांचं अमेरिकी सरकारशी युद्ध झालं. त्यानंतर मिनेसोटातल्याच मँकेटोला ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. रातोरात प्रेतं उकरली गेली, त्यातलं एक या डॉक्टरांकडे आलं. त्याच सांगाड्यावर त्यांनी मुलांना हाडं शिकवली. ज्या हातांचं मी एवढं कौतुक करते, तेच हे हात. मला हे गिळता येत नाही. २०१८ मध्ये मेयो क्लिनिकनं सँटी डकोटांची जाहीर माफी मागितली. तो सांगाडा ज्याचा, त्या माणसाला गोरे लोक 'कापल्या नाकाचा' म्हणत. त्याचं स्वतःचं नाव मार्पिया ओकिनाजिन, म्हणजे ढगांत उभा राहणारा. पाहुण्यांकडून ते मी एकदा म्हणवून घेते.