हँडब्रेकचा नट आणि मागची दोन चाके

आमच्या बावधनच्या सोसायटीत तळघरातून वर येणारा रस्ता चांगलाच चढा आहे आणि फाटक उघडेपर्यंत गाडी त्या चढावर धरून ठेवावी लागते. गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या हॅचबॅकचा हँडब्रेक तिथेच दगा देऊ लागला. एरवी सहा-सात खटक्यांत गाडी जागेवर थांबायची. ती आता दहा-अकरा खटके ओढूनही हळूच मागे सरकू लागली. गॅरेजमध्ये दाखवल्यावर मेकॅनिकने दोन सीटच्या मधले कव्हर उचलले, पान्ह्याने नट कसला आणि पाच मिनिटांत, "झालं साहेब, केबल सैल पडली होती," म्हणून गाडी परत दिली. खटके खरोखरच पाचवर आले आणि मीही खूश झालो.

तीन आठवड्यांनी चांदणी चौकाकडून घरी आल्यावर मागच्या डाव्या चाकापाशी जळकट वास आला. हाताची मागची बाजू रिमजवळ नेली, तर धग सहन होईना. उजवे चाक मात्र गारच होते. म्हणजे कसलेल्या नटाने मूळ दुखणे झाकले होते आणि वर आणखी एक उभे केले होते. तेव्हा ठरवले, की या वेळी गॅरेजला जाण्याआधी दोष नेमका कुठे आहे तो आपण स्वतः शोधायचा.

माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. हँडब्रेकचा दांडा ओढला की एक सळई पुढे खेचली जाते, ती एका आडव्या पट्टीला ओढते आणि त्या पट्टीच्या दोन टोकांतून दोन केबली दोन मागच्या चाकांकडे जातात. पट्टी मधोमध झुलती असल्याने ताण दोन्हीकडे सारखा वाटला जातो. ड्रमच्या, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याच्या, आत केबल एका छोट्या तरफेला ओढते आणि ती तरफ दोन्ही ब्रेक शू, म्हणजे आतले दोन अर्धगोल पट्टे, बाहेर ढकलून ड्रमला टेकवते. शूचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, झिजत जाते तसतसे शू आणि ड्रममधले वाढणारे अंतर भरून काढण्यासाठी आतच दातेरी चाकाचा आपोआप फिरणारा अ‍ॅडजस्टर असतो. म्हणूनच दांडा फार वर येऊ लागला, तर पहिला संशय ड्रमच्या आत घ्यावा, कारण केबल ताणून ते अंतर भरले की तरफ कायमची अर्धवट ओढलेली राहते, शू ड्रमला घासू लागतात आणि अ‍ॅडजस्टरचे काम बंद पडते. केबलचा नट हा शेवटचा उपाय आहे आणि बहुतेक ठिकाणी सुरुवात मात्र त्यापासूनच होते, कारण त्यासाठी चाक काढावे लागत नाही.

काम रविवारी सकाळी, सपाट जागेवर सुरू केले. हँडब्रेक तपासायचा म्हणजे तो सोडलेलाच असणार, त्यामुळे गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवली आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. (हा उपाय माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून पुरेसा ठरतो.) गाडीसोबत येणारा जॅक फक्त उचलण्यापुरता वापरावा, उचलल्यावर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक स्टँड लावले आणि काढलेले चाक आडवे करून बॉडीखाली सरकवून ठेवले. एवढे केल्याशिवाय गाडीखाली हातही घालू नये.

आधी कव्हर काढून मेकॅनिकने कसलेला नट पूर्ण सैल केला. नट सैल झाल्यावर उजवे चाक हाताने मोकळे फिरले, डावे मात्र अडखळतच राहिले. मग मुलीला पुढे बसवून दांडा हळूहळू ओढायला सांगितले आणि मी मागच्या सीटवरून वाकून टॉर्चच्या उजेडात पट्टीकडे पाहत राहिलो. "बाबा, अजून ओढू?" असे विचारत तिने पाच-सहा वेळा दांडा वर-खाली केला. ओढताना दोन्ही केबली सारख्या पुढे येत होत्या, पण दांडा सोडल्यावर उजवी झटकन मागे जाई, तर डावी तिथेच झोळ पडून लोंबत राही. ती तार बोटांनी धरून आवरणात मागे रेटली आणि बाहेर जाऊन चाक फिरवले, तर ते मोकळे झालेले! डाव्या केबलच्या आवरणात पाणी शिरून गंज चढला होता आणि शूच्या स्प्रिंगला ती तार परत खेचता येत नव्हती. अशा केबलीत तेल सोडून काही दिवस ढकलता येतात, पण माझ्या मते तो पैशाचा नव्हे तर वेळेचा अपव्यय आहे.

डावीकडचा उलगडा झाला, तरी दांडा मुळात वर का येत होता हे कळले नव्हते. त्यासाठी उजवा ड्रम काढला. माझ्या ड्रमवर आटे पाडलेली दोन भोके आहेत. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे कसत गेले, की गंजाने चिकटलेला ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो आणि हातोडा चालवावा लागत नाही. आतली काळी धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नये, ती श्वासात जाणे चांगले नसते. मी ओल्या फडक्याने पुसून घेतली. लायनर भरपूर शिल्लक होते आणि पेडल दाबल्यावर शू ढकलणाऱ्या सिलिंडरच्या रबराखाली ओल नव्हती. ओल असती, तर गळके ब्रेक ऑइल लायनरवर पसरून ते शू फेकावेच लागले असते आणि मी तिथेच थांबून गाडी गॅरेजला दिली असती. दोष अ‍ॅडजस्टरमध्ये निघाला: दातेरी चाक गंजून असे घट्ट बसले होते, की बोटांनी जराही हलेना.

अ‍ॅडजस्टर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला आणि एका वेळी एकच बाजू उघडली, म्हणजे दुसरी बाजू नमुन्याला राहते. दोन्ही बाजूंचे आटे अनेक गाड्यांत उलटसुलट असतात, त्यामुळे डावे-उजवे भाग एकमेकांत मिसळू देऊ नयेत. आटे तारेच्या ब्रशने साफ करून उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बोटभर लावले आणि लायनरला त्याचा स्पर्शही होऊ दिला नाही. मग दातेरी चाक इतके फिरवले, की ड्रम बसवताना किंचित घासल्याचा आवाज यावा, पण तो अडू नये.

नवी डावी केबल नाना पेठेतून आणली, मात्र बसवून घेतली गॅरेजमध्येच, कारण ती सायलेन्सरच्या पत्र्यावरून जाते आणि त्यासाठी गाडी लिफ्टवर घेणे सोयीचे. ब्रेकचे पेडल आठ-दहा वेळा दाबून शू जागेवर बसू दिल्यावरच नटाला हात लावला. पहिल्या-दुसऱ्या खटक्याला दोन्ही चाके जराशी जड व्हावीत, सहाव्याला घट्ट धरावीत आणि दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही मोकळी फिरावीत, एवढेच जमवायचे होते.

दोन गोष्टी जाता जाता. दांडा खाली असूनही डॅशबोर्डवरचा लाल दिवा जात नसेल, तर दांड्याखालच्या स्विचसोबत ब्रेक ऑइलची पातळीही पाहावी, कारण अनेक गाड्यांत दोन्हींसाठी तो एकच दिवा असतो. आणि बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर घरी उघडायला जाऊ नये, त्याची मोटर मागे घ्यायला अनेकदा स्कॅनर लागतो. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर मी आता हँडब्रेक ओढतच नाही. पहिला गियर आणि चाकांना दगड. ओल्या ड्रमला शू चिकटून बसले, की निघताना मागून येणारा तो 'कट्' आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.

परवा सिंहगडाच्या घाटात गाड्यांच्या रांगेत चढावर बराच वेळ थांबलो. सहा खटक्यांत गाडी हलली नाही. वर पोहोचल्यावर मागच्या दोन्ही रिमांजवळ हात नेऊन पाहिला, तर दोन्ही सारखीच कोमट होती. केबलच्या नटावर मुलीच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका, निम्मा नटावर आणि निम्मा सळईवर, लावून ठेवला आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी सोडताना आणि परत घेताना आधी तोच पाहणार आहे.