बदक पडेना

मये, मंगळवार, 26 ऑगस्ट 2025

आज तय, चवथीचा आदला दिवस. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान वसरीत पसरलेलं: नारळ, सुपारीचे शिपटे, तोरिंगं, आंबाडे, कांगलां. वहिनीने दोरी मागितली म्हणून मी माळ्यावर चढले. दोरीच्या आधी हाताला लागली ती जुन्या चादरीत बांधलेली टीव्ही गेमची पेटी. गाठ दादाची. तो जहाजावर नोकरीला लागला तेव्हापासून ती कुणी सोडलेली नाही. त्याच्या गाठी मला ओळखू येतात.

आत सगळं जागच्या जागी होतं. मशीन, दोन रिमोट (आम्ही त्यांना रिमोटच म्हणायचो), गन, अ‍ॅडाप्टर आणि तीन पिवळ्या कॅसेट. 1996 साली चवथीच्या आधी बाबांनी हे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलं. मी नऊ वर्षांची, दादा तेरा. जगातली सगळ्यात नवी वस्तू आमच्या घरात आली असं आम्हाला वाटलं होतं. प्रत्यक्षात ती निन्टेन्डोने जपानमध्ये 1983 साली काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल होती. आमच्याकडे ती पोचली त्याच वर्षी तिकडे निन्टेन्डो 64 बाजारात आलं, आणि प्लेस्टेशन तर त्याआधीच, 1994 च्या डिसेंबरात आलं होतं. म्हणजे आम्ही खेळायला बसलो तेव्हाच ते गेम जुने होते. हे मला खूप नंतर कळलं, आणि कळल्यावर जराही वाईट वाटलं नाही.

लेक अकरा वर्षांची, भाचा चौदाचा. दोघांना परवाचा वायदा केलाय. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, नेवऱ्या तळून झाल्यात, सगळे झोपलेत, आणि मला धाकधूक आहे. इतकी वर्षं मी लेकीला या गेमांच्या गोष्टी सांगत आले. आता ती स्वतः बघणार.

गुरुवार, 28 ऑगस्ट

दुपारी खतखतं-भात जेवून सगळे आडवे झाले तेव्हा मशीन खोलीतल्या एलईडी टीव्हीला जोडलं. कॅसेट पहिल्यांदा लागली नाही. काढून फुंकर मारली, परत लावली, लागली. फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडाची वाफ लागून आतल्या पट्ट्या खराब होतात. कॅसेट काढून परत घातली की पट्ट्या नीट टेकतात, एवढंच. तरीही आधी फुंकरच मारली.

मारिओ आधी. चित्र दोन्ही बाजूंनी ताणलेलं, मारिओ बुटका दिसत होता. लेकीने दहाएक मिनिटं खेळून विचारलं, "आई, ते झुडूप म्हणजे ढगच ना, हिरवा रंगवलेला?" खरंच तसं आहे. 1985 चा तो अख्खा गेम 40 किलोबाइटांत बसवलाय, फोनवर आपण काढतो त्या एका फोटोला त्याच्या कितीतरी पट जागा लागते. जागा वाचवण्यासाठी एकच आकार दोन रंगांत वापरलाय. मी हे कधीतरी मोठेपणी वाचलं होतं. तिने बघून ओळखलं.

मारिओ चांगला टिकलाय. बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा येत होती, पण तो दोष टीव्हीचा. मारिओ पळताना एकदम थांबत नाही, थोडा घसरतो, ते आजही हाताला बरोबर वाटतं. चित्र जुनं असण्याचं पोरांना काही वाटत नाही. माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मुलांना चौकोनांची सवय असते.

मग काँट्रा, दोघांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा गेम. सुरुवातीला दाबायची ती गुप्त बटणं, आठ बाण, बी आणि ए, की 30 जीव. माझ्या अंगठ्यांना अजून पाठ आहे. पोरं तिसऱ्या टप्प्यावर, धबधब्यापाशी आली आणि मी पुढे सरकून बसले. तिथे वर वर चढायचं असतं, आणि जो आधी वर जातो त्याच्यामागे पडदाही वर सरकतो. खाली राहिलेला पडद्याबाहेर जातो आणि मरतो. भाचा भराभर चढला, लेक मेली, पुन्हा चढला, पुन्हा मेली. ती त्याच्यावर चिडली. दादा माझ्यासाठी थांबायचा. दगडावर उभा राहून येणाऱ्या गोळ्या चुकवत थांबायचा, आणि मी वर आले की मगच पुढची उडी घ्यायचा. तेव्हा मला ते गेमच्या नियमासारखंच वाटायचं. आज भाच्याला म्हटलं, "जरा थांब रे तिच्यासाठी." पुढच्या खेपेला तो थांबला.

आणि मग डक हंटमधली बदकं, गनने मारायची. तीच दाखवायची मला सगळ्यात जास्त घाई होती. गन लेकीच्या हातात दिली. बदक उडालं, तिने चाप ओढला, पडदा लुकलुकला, बदक उडून गेलं. पुन्हा तेच. अगदी टीव्हीला नळी टेकवून मारलं तरी तेच. दर वेळी कुत्रा गवतातून वर येऊन हसायचा. "बिघडलीय ही," भाचा म्हणाला.

बिघडलेली नाही. गनमधून काहीच सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा पूर्ण काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. आधी काळोख, मग उजेड असं डोळ्याला दिसलं तरच बदक पडतं. काळोख आधी तपासायचा तो कुणी बल्बवर नेम धरून फसवू नये म्हणून. (दादाने वसरीतल्या बल्बवर नेम धरून पाहिलं होतं, एकही बदक पडलं नव्हतं.) जुन्या काचेच्या नळीच्या डबा टीव्हीत चित्र आलं रे आलं की ओळीमागून ओळ पडद्यावर उमटत जायचं, त्यामुळे तो चौकोन ठरल्या क्षणी तिथे असायचा. एलईडी आलेलं चित्र आधी स्वतःजवळ ठेवतो, मोठं करतो, साफसूफ करतो, मग दाखवतो. तोवर गेमची तपासणी संपलेली असते. शिवाय गनही डब्याच्याच लुकलुकण्यासाठी बनवलेली.

म्हणजे हा गेम अर्धा कॅसेटीत होता आणि अर्धा डबा टीव्हीच्या काचेच्या नळीत. नळी गेली आणि तो संपला. पोरांना एवढं सगळं समजावलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण मला फार वाईट वाटलं.

रात्री, आरतीनंतर

झोप नाही म्हणून लॅपटॉप उघडला. जुने गेम मी एकेक करून विकत घेऊन ठेवलेत, पण बरेचसे उघडलेलेच नव्हते. आज मनाशी ठरवलं, प्रामाणिकपणे बघायचं.

आयजीआय, शत्रूच्या तळात लपत शिरायचा गेम. 2000 च्या डिसेंबरातला, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा. फोंड्याच्या एका सायबर कॅफेत मी हा तासाच्या भाड्याने खेळले, त्या खोलीत मी एकटीच मुलगी असायचे. लढाऊ विमानांच्या गेमसाठी तयार केलेलं इंजिन यात वापरलं होतं, म्हणून मैदानं एवढी अफाट. डोंगरावर पालथं पडून दुर्बिणीतून अख्खा तळ बघायचा, कोण कुठे फिरतो ते मोजायचं, मग उतरायचं. तेव्हा दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये मला एवढी मोकळी जागा मिळाली नव्हती. पण 14 मिशन, आणि मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नाही. पंचवीस मिनिटं सरपटत जायचं, एका कॅमेऱ्यात दिसायचं, अलार्म वाजायचा, बराकीतून माणसं निघत राहायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात पावसाळ्यात लाईट जायची. कॅफेतले सगळे एकदम ओरडायचे.

आज मी तिसऱ्यांदा मेले आणि बंद केला. चित्राचा प्रश्न नाही. ही पंचवीस मिनिटं आता माझ्याकडे नाहीत. सकाळी सातला कुंडईची बस, संध्याकाळी लेकीचा अभ्यास. जुन्या गेमना खेळणाऱ्याचा वेळ मुबलक आहे असं धरून चालायची सवय होती. पैसे टाकून खेळायच्या मशीनांनी ती लावली, मरण जितकं लवकर तितकी नाणी जास्त. घरच्या गेमना नाणी नको होती, तरी ती सवय तशीच राहिली, कारण जागा थोडी, टप्पे थोडे, आणि विकत घेतलेला गेम महिनाभर पुरायला हवा. आम्ही तो वेळ आनंदाने दिला. पण आज कुणी हा गेम अवघड म्हणून थोर आहे असं म्हणालं तर मी मान्य करणार नाही. ती गेमची उणीवच होती.

टूम रेडर वेगळा. 1996 चा. त्यातली नायिका लारा ट्रकसारखी वळते, आधी जागेवर फिरायचं, मग पुढे. पोरांना हे आवडत नाही आणि मी त्यांना दोष देत नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याची नव्याने रंगवलेली आवृत्ती आली, त्यात आजच्या पद्धतीचं नियंत्रणही दिलंय, ते लावून खेळले. चालायला सोपं, पण उड्या चुकायला लागल्या. मग आठवलं. ते सगळं जग सारख्या मापाच्या चौकोनांवर उभं आहे. कड्याच्या टोकाशी उभं राहायचं, एक उडी मागे, मग धावत उडी, आणि माप अगदी बरोबर बसतं. शाळेत लंगडी खेळताना घर मोजायचो तसं. जुनं नियंत्रण त्या चौकोनांसाठी केलेलं होतं, नवं नाही. मी जुन्यावर परत गेले आणि पहिली गुहा एका दमात पार केली. कॅमेरा मात्र खरंच टिकलेला नाही. भिंतीला पाठ लागली की तो लाराच्या डोक्यात शिरतो आणि लांडगा कुठून येतो ते दिसत नाही.

व्हाइस सिटी वीस मिनिटांत बंद केला. 2002 चा, मी सोळाची असताना रात्र रात्र खेळलेला. नेम धरण्याची पद्धत वाईट आहे, पण ते कारण नाही. हैतीच्या लोकांबद्दलचं त्यातलं एक वाक्य निषेधानंतर पुढच्या प्रतींतून काढावं लागलं होतं, हे मला माहीत होतं. बायकांबद्दलचं कुणी काढलं नाही. सोळाव्या वर्षी माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं, याचा आज राग आला. लेक पाणी प्यायला उठली तेव्हा मी स्क्रीन मिटली.

शनिवार, 30 ऑगस्ट

दुपारी दादाचा मेसेज. जहाज बंदरात आहे. बदकांचं मी त्याला सविस्तर लिहिलं होतं. उत्तर एका ओळीत: "काकाचा डबा बघ."

काका पलीकडच्या घरात राहतात. त्यांच्या मागच्या खोलीत, सोलं वाळत घातलेल्या सुपांच्या खाली, चादर पांघरलेला एकवीस इंची डबा टीव्ही होता. "चलता गो तो अजून," काका म्हणाले. भाच्याने आणि मी उचलून वसरीत आणला, कंबर दुखली. चालू केल्यावर तो ढुम्म आवाज, आणि काचेला हात लावला तर अंगावरचे केस उभे राहिले. लेक चार वेळा काचेला हात लावून आली.

बदक उडालं. लेकीने चाप ओढला. बदक थबकलं आणि सरळ खाली आलं. ती एवढ्या जोरात ओरडली की आतून वहिनी धावत आली.

मग मी तिला ते सांगितलं जे मला आणि दादाला चुकून सापडलं होतं. एकच बदक उडतं त्या खेळात दुसऱ्याने रिमोट धरला तर बदक त्याच्या बोटांवर उडतं. दादा गन धरायचा, मी बदक व्हायची. आज लेक बदक झाली आणि गन माझ्याकडे आली. तिने बदक पडद्याच्या कडेकडेने असं नेलं की माझ्या तिन्ही गोळ्या गेल्या. काका खुर्ची ओढून बसले आणि आम्ही दिवेलागणीपर्यंत खेळलो.

रात्री टँकचा गेम. बॅटल सिटी, नाम्कोचा, 1985 चा. मी काही न सांगता लेकीला त्यात स्वतःचा नकाशा बांधायची सोय सापडली. विटा, पोलाद, पाणी, झाडी. दीड तास खपून तिने मयेचं तळं बांधलं, मधे पाणी, कडेने झाडी, ज्याला वाचवायचं त्या गरुडाभोवती पोलादाची भिंत. मग म्हणाली, "आता सेव्ह कसं करायचं?"

करता येत नाही म्हटलं. मशीन बंद झालं की गेलं. तिचा विश्वास बसेना. मग लहानपणी आम्ही करायचो तेच केलं. मशीन चालूच ठेवलं, टीव्ही बंद केला, आणि बटणावर कागद चिकटवला: बंद करू नये.

रविवार, 31 ऑगस्ट

पहाटे जोराचा पाऊस आला आणि चारच्या सुमारास लाईट गेली. पंख्याचा आवाज थांबला तशी मी जागी झाले आणि पहिला विचार तळ्याचा आला. अंधारात पडून राहिले, तिला कसं सांगायचं याचा विचार करत.

सहाला ती उठली, दिवा लावून पाहिला, लागला नाही. "गेलं ना?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. दप्तरातून गणिताची वही काढून माझ्यापुढे धरली. काल झोपण्याआधी तिने पानावर 13 आडवे आणि 13 उभे चौकोन आखून अख्खं तळं उतरवून ठेवलं होतं, पाणी निळ्या पेनने, झाडी हिरव्याने, पोलादाला शिसपेन. पानाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "मामाला पाठवायचं".

आज पाचव्या दिवसाचं विसर्जन. लाईट दहाला आली.