माताचीनचे दोनशे पाच

पनामा सिटीत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला ‘चिनितो’ म्हणतात. दूध संपलं, चिनितोकडे जा. मोबाइलचं रिचार्ज हवंय, चिनितो. आमच्या लॉजखालीही एक होता. करोनाच्या आदल्या वर्षी, ३० मार्चला सकाळी पाण्याची बाटली घ्यायला उतरले, तर तिथला म्हातारा स्टुलावर चढून शटरवर लाल कंदील टांगत होता. माझं स्पॅनिश तोडकंमोडकं, त्याचं झपाझप. एवढं कळलं की आज त्यांचा दिवस. १८५४ साली याच तारखेला ‘सी विच’ जहाजातून सातशेवर चिनी मजूर रेल्वे बांधायला पनामाच्या किनाऱ्याला लागले होते.

शनिवार-रविवार पर्यटकांची आगगाडी नसायची, म्हणून सोमवारी कोरोसाल स्थानकाहून सव्वासातची गाडी धरली. वर काचेचं छत, हातात कॉफी, डावीकडे कालवा, उजवीकडे जंगल. कोलोनपर्यंत ७७ किलोमीटर, तासाभरात एका महासागरावरून दुसऱ्यावर. डब्यातले सगळे डावीकडच्या खिडक्यांना चिकटलेले, कारण कालव्यातली जहाजं तिकडे दिसतात. मला बघायचं होतं गांबोआ गावाच्या आसपासचं माताचीन, त्या मजुरांच्या मुक्कामाची जागा. बघण्यासारखं काही उरलेलं नाही, हे ठाऊक असूनही. जुना रेल्वेमार्ग कालव्याच्या वेळी बराचसा पाण्याखाली गेला आणि रूळ वर सरकवले. चाग्रेस नदीवरचा पूल धडधडत गेला, पाणी चहासारखं गढूळ, काठावर एक बगळा. बस्स.

गाईडने मात्र गोष्ट सांगितलीच. ‘मातार’ म्हणजे मारणं, ‘चिनो’ म्हणजे चिनी, म्हणून हे माताचीन. इथे चिन्यांनी रांगेने जीव दिले. कुणी वेणीने गळफास घेतला, कुणी समुद्राला भरती यायची वाट बघत किनाऱ्यावर बसून राहिला. आकडा कुणी शंभर सांगतं, कुणी चारशे. पर्यटक चुकचुकले, एकाने फोटो काढला. मुळात हे नाव त्या मजुरांच्याही आधीचं आहे आणि स्पॅनिशमध्ये ‘माताचीन’ म्हणजे तलवार घेऊन नाचणारा सोंगाड्या. पण चांगल्या गोष्टीला खरा अर्थ सांगून मोडता घालणारी बाई कुणाला आवडते? गप्प बसले.

आत्महत्या झाल्या, त्यात शंका नाही. तापाने त्याहून किती गेले असतील. रेल्वे कंपनीने त्यांच्यासाठी तांदूळ, चहा, स्वयंपाकी, अगदी देवघरसुद्धा पुरवलं होतं, आणि अफूही. मग अफू बंद केली. अंगात ताप, पावसात कमरेएवढा चिखल, आणि वरून नशा तुटलेली. त्या काळी चीनला जाणारी माळव्याची अफू मुंबई बंदरातून निघायची, हे काचेच्या डब्यात बसून आठवलं आणि कॉफी खाली ठेवली.

मला खटकतं ते पुढचं. गोष्ट मेलेल्यांपाशी थांबते. जगले वाचले त्यांचं काय झालं, ते गाईड सांगत नाही.

त्यांची अदलाबदल झाली. पनामा रेल्वे कंपनी अमेरिकन, तिला दणकट हात हवे होते. जमैका ब्रिटिशांची. १८३८ मध्ये गुलामी पूर्ण सुटल्यावर तिथली काळी माणसं जास्त पगारासाठी पनामाच्या रुळांवर जात होती आणि इकडे ऊसमळेवाले मजुरांसाठी रडत होते. मग ठरलं: तुमचे जमैकन आम्हाला द्या, आमचे चिनी तुम्ही घ्या. १८५४ च्या नोव्हेंबरात ‘व्हँपायर’ आणि ‘थेरेसा जेन’ या दोन जहाजांतून २०५ माणसं जमैकातल्या किंग्स्टनच्या धक्क्यावर उतरवली. कागदावर मजूर, प्रत्यक्षात बरेचसे थेट इस्पितळात जाण्याच्या अवस्थेतले. दुसरी हकीकत सांगते की चिन्यांनीच हट्ट धरला होता, इथे मरण्यापेक्षा आम्हाला जमैकाला न्या. दोन्ही खरं असू शकतं. बुडणारा माणूस दिसेल त्या फळीला हात घालतो, त्याला ‘राजीखुशी’ म्हणायचं की नाही, हा वकिलांचा धंदा. मला तर वाटतं, कंपनीने आजारी माणसं जमैकाच्या गळ्यात मारली आणि तिथल्या मळेवाल्यांना तपासून घ्यायलाही सवड नव्हती.

पनामाहून किंग्स्टनचं विमान जेमतेम दोन तासांचं. तिथे जायचा बेत मुळात माझ्या यादीत नव्हता, तिकीट माताचीननंतर काढलं.

१८५४ च्याच जुलैत ‘एप्सम’ जहाज हाँगकाँगहून २६७ जण घेऊन किंग्स्टनला आलं होतं. म्हणजे एकूण ४७२. त्यातले कित्येक पहिल्या काही वर्षांतच संपले. काही जण रस्त्यांवर हात पसरत फिरले, आणि शहराने चिनी म्हणजे भिकारी असा शिक्का मारला. नावं टिकली ती तिघांची: रॉबर्ट जॅक्सन चिन, चांग सी पा आणि लिन सॅम. त्यांनी डाउनटाउनमध्ये किराणा दुकानं टाकली. पुढे ‘चायनी शॉप’ हा शब्द जमैकात चिनितोसारखाच रुळला.

डाउनटाउनमध्ये अशाच एका दुकानात शिरले. पत्र्याचा पंखा, काउंटरवर लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी. गल्ल्यावर साठीची बाई, चेहरा हक्का, म्हणजे दक्षिण चीनमधल्या त्या समाजाचा, बोली पक्की जमैकन. मी पनामाच्या जहाजाचं विचारलं.

“आमचे पणजोबा चौऱ्याऐंशीच्या जहाजातले,” ती म्हणाली. १८८४ ला हाँगकाँगहून मोठी तुकडी आली होती, तीच. “पनामावाले वेगळे. त्यांच्यामागे कोण होतं?”

मागे रांग लागली होती. तिने बन आणि चीज कागदात गुंडाळून खिडकीतून पुढे सरकवलं आणि माझ्या खांद्यावरून पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.