तुम्ही विचारलंत म्हणून: बीटाचा रस आणि रक्तवाहिन्यांमधला 'वंशाचा' फरक

"अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना रक्तदाब जास्त असतो तो वंशामुळेच ना? मग बीटाच्या रसाने तो उतरेल का?" हे दोन प्रश्न आम्हाला नेहमी जोडीनेच विचारले जातात.

फरक खरा आहे. 2017-18 च्या अमेरिकी पाहणीत 57 टक्के कृष्णवर्णीय प्रौढांना उच्च रक्तदाब होता, गोऱ्यांत 44 टक्क्यांना. हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं आणि दंडाची धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजायचं, अशी एक तपासणी आहे. धमनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं म्हणून ती सैलावते. कृष्णवर्णीय अमेरिकनांत ती सरासरीने कमी रुंदावते.

पण म्हणून दोष वंशाला लावणं चूकच. 1997 मध्ये रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उच्च रक्तदाब पश्चिम आफ्रिकेत 16 टक्के, कॅरिबियन बेटांवर 26 आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत 33 टक्के लोकांना होता (तेव्हा रक्तदाब 'उच्च' ठरवायची मर्यादा वरची होती, म्हणून हा आकडा 57 पेक्षा कमी). पूर्वज तिकडचेच, बदललं ते वजन, मीठ आणि एकूण जगणं.

आता बीट. त्यातलं नायट्रेट रक्तातून लाळेत उतरतं. जिभेच्या मागच्या भागावरचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि गिळल्यावर त्यातूनच नायट्रिक ऑक्साइड बनतं. हे काम आपल्या पेशींना जमत नाही. म्हणून जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरणाऱ्याचा रस बराचसा वाया जातो! दुसरी चूक म्हणजे बीट उकडून पाणी फेकणं. नायट्रेट त्या पाण्यातच जातं. पालकाचंही तेच.

लंडनमधल्या 2015 च्या चाचणीत रक्तदाबाच्या रुग्णांनी रोज 250 मिली रस चार आठवडे घेतला. वरचा आकडा सरासरी 8 ने उतरला. रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत तो पुन्हा चढला. तेव्हा गोळी सोडून रस धरू नका. मुतखडा असेल तर बीटातल्या ऑक्झलेटमुळे आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा. रस ताजाच प्या. बाहेर राहिला की त्यातले जीवाणू बाटलीतच नायट्राइट करत बसतात. तान्ह्या बाळाला ते घातक ठरतं.

आणि ज्या वस्तीत ताजी भाजीच मिळत नाही, तिथे आधी भाजीचं दुकान हवं.